आधी मार्जन, मग पूजन

पांडवांनी अज्ञातवासास जाताना विराटनगरीबाहेर शमीवृक्षावर शस्त्रे ठेवली, ही कथा दसऱ्याच्या निमित्ताने घरोघर सांगितली जाते. तिच्यातील एक बारकावा मात्र बहुधा सांगण्यातून निसटतो. झाडावर चढविण्यापूर्वी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या होत्या आणि पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशी जागा नकुलाने पाहून ठेवली होती. वर्ष सरल्यावर राजपुत्र उत्तराला त्या झाडावर चढावे लागले, गाठोडे खाली आणून त्याची बंधने सोडावी लागली. मगच गांडीव अर्जुनाच्या हाती आले. शस्त्र ठेवण्याचा एक विधी असतो, तसाच ते पुन्हा बाहेर काढण्याचाही. आपल्या खंडेनवमीत यांपैकी दुसरा विधी अलीकडे क्षीण होत चालला आहे, असे आम्हांस वाटते.

आमचे जुने शहर शस्त्रांस अपरिचित नाही. मोर्णेकाठचा असदगड आणि दहीहांडा वेशीवरील १६९७ सालचा लेख औरंगजेबाच्या अमदानीची साक्ष देतात. येथून उत्तरेस अडगावच्या मैदानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी भोसल्यांचा वेलस्लीच्या फौजेपुढे पराभव झाला. आज खंडेनवमीच्या पाटावर विळी, अडकित्ता, कोयता, वखराची पास असते. सुताराच्या घरी रंधा, वाहनचालकाच्या घरी पाने. आणि काही मोजक्या घरांत परवान्याची बंदूक. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची, नाहीतर स्वसंरक्षणासाठी बारा बोअरची. वडील मंडळी थकली की ती ग्रीस फासून, कापडात गुंडाळून पेटीत जाते आणि वर्षातून एकदा नवमीला बाहेर येते.

दीर्घकाळ साठवणुकीचे हे ग्रीस मूळचे लष्करी पद्धतीतले. इशापूरच्या कारखान्यात पूर्वी .३०३ आणि चीनच्या युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या बोल्ट रायफली तयार झाल्या. अशा रायफली कोठारात ठेवताना त्यांस दाट ग्रीसचा लेप देत. इशापूरच्या कित्येक रायफली पुढे सेवेतून उतरून अमेरिकेत विकल्या गेल्या; तेथील हौशी मंडळी अशा जुन्या रायफलींचा लेप उतरविण्यात दिवसचे दिवस घालवितात. आपल्याकडे या लष्करी मापाच्या रायफली सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. परंतु लेपाचा स्वभाव पेटीतल्या बारा बोअरलाही तोच.

येथे एका शंकेचे निरसन केले पाहिजे. १८५७ साली काडतुसांना लावलेल्या चरबीवरून काय घडले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळे ग्रीस लागलेली वस्तू देवघरापुढे चालते काय, असे घरातील वृद्ध विचारतात. साठवणुकीचा हा लेप खनिज तेलापासून काढलेल्या जेलीचा आणि मेणाचा असतो. त्यात प्राणिज चरबी नसते. विटाळाची शंका नको. शंका हवी ती निराळी.

वर्षे लोटली की लेपातील पातळ अंश उडून जातो व तपकिरी, मेणासारखा थर उरतो. तो घोड्याच्या यंत्रात साचला तर चापाचा आघात मंदावतो आणि बार फुसका जातो. नळीत त्याचा गोळा राहिला आणि तशीच गोळी झाडली, तर नळी फाटून झाडणाऱ्याचाच हात जायचा. अशा थरावर दरवर्षी ओले हळदकुंकू वाहणे म्हणजे शस्त्राची पूजा नव्हे. जुन्या शहरातील एका वाड्यात आम्ही अशी बंदूक पाहिली आहे. वर कुंकवाचा लाल पापुद्रा, त्याखाली ग्रीस आणि जेथे ग्रीस निघून गेले होते तेथे गंजाचे खोल खड्डे. मालक भाविक होते. दरवर्षी न चुकता पूजा करीत.

म्हणून नवमीच्या आदल्या दिवशीच हे काम काढावे, आणि ते परवानाधारकानेच करावे. प्रथम बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. ठासणीच्या बंदुकीत गज घालून तो नळीच्या लांबीइतका आत जातो की नाही, हे पाहावे. कमी गेला तर आत जुना बार असण्याचा संभव आहे. मग हात न लावता परवानाधारक दुरुस्तीकाराकडे न्यावी.

लाकडी दस्ता सुटत असेल तर वेगळा करावा. लोखंडावरचा जाड थर लाकडी काडीने व चिंध्यांनी काढून, उरलेला राकेल व ब्रशाने धुवावा. पेट्रोल मुळीच वापरू नये. राकेल मिळत नसेल तर सुटे केलेले लोखंडी भाग कढत पाण्यात घातले तरी लेप वितळतो, कारण तो पन्नास अंशांच्या आसपासच पाघळतो; मात्र भाग लगेच कोरडे करून तेलाचा हात द्यावा, नाहीतर तासाभरात तांबेरा चढतो. लाकडास पाणीही नको आणि राकेलही नको. ते कापडात गुंडाळून उन्हात ठेवावे; आत मुरलेले तेल आपोआप वर येते, ते पुसत राहावे. वैशाखात आमच्या वऱ्हाडचे ऊन हे काम एका दुपारी करील. आश्विनात दोन-तीन दिवस लागतील.

नवरात्रात घरात अखंड दीप तेवत असतो, तेव्हा राकेलाचे काम अंगणात किंवा गच्चीवर, दिव्यापासून दूर, मुलांस बाजूला ठेवूनच करावे. भिजलेल्या चिंध्या घरात ढिगाने टाकू नयेत. आणि ते घाण राकेल गटारात ओतू नये. गटार अखेर मोर्णेलाच मिळते. जानेवारी २०१८ मध्ये याच नदीतील जलपर्णी काढायला हजारो अकोलेकर पाण्यात उतरले होते.

नवमीला हळदकुंकू कोरडेच वाहावे. बोटभर, दस्त्यावर. झेंडूचे ओले फूल नळीवर ठेवू नये. दुसऱ्या दिवशी राजराजेश्वराचे दर्शन घेऊन, आपट्याची पाने वाटायला बाहेर पडण्यापूर्वी बंदूक पुसून, तेलाचा पातळ हात देऊन पेटीत ठेवावी आणि किल्ली ज्याची त्याच्याकडे द्यावी.