तमिळ न शिकता तंजावर

एमएच्या प्रबंधांच्या तोंडी परीक्षेला मला अधूनमधून बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावतात. एका विभागात ‘प्रादेशिक सांस्कृतिक आदानप्रदान’ या नावाचा अख्खा पदव्युत्तर अभ्यासक्रमच आहे. तिथल्या एका मुलीचा प्रबंध तंजावरच्या भोसल्यांवर होता. पानोपानी होमी भाभा, एडवर्ड सईद, संकर, अस्मिता. मी विचारले, ‘‘दुसऱ्या शहाजीने नाटके कोणत्या भाषांत लिहिली?’’ ती गडबडली. मार्गदर्शक मदतीला धावले, ‘‘सर, तिचा फोकस थिअरीवर आहे.’’

मुलीला मी काय बोलू? दोन वर्षांत तिला तमिळचे एक अक्षर शिकवलेले नाही, तेलुगूचे नाही आणि मोडीचेही नाही. ज्यांच्यात देवाणघेवाण झाली त्यांच्यापैकी एकाचाही कागद वाचता येत नसताना त्यावर पदवी मिळते, आणि यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

खरे तर या विषयाला तंजावरसारखे ठिकाण शोधून सापडणार नाही. 1684 ते 1712 या काळात राज्य करणारा हा शहाजी मराठी, प्रजा तमिळ, आणि त्याचे पालखीसेवेचे गेयनाट्य तेलुगूत! कारण आधीच्या नायक राजांच्या दरबारात साहित्याची भाषा तेलुगू होती आणि भोसल्यांनी ती मोडली नाही, उचलली. ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर त्याने तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत एकाच रंगमंचावर आणल्या. पुढे सरफोजीने बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला. राजराज चोळाच्या देवळात! आमची मंडळी त्या लेखापुढे उभी राहून सेल्फी काढतात आणि ‘अटकेपार’चा आवेश घेऊन परततात. पण मराठी कीर्तनातल्या साकी-दिंडी तमिळ हरिकथेत कशा मुरल्या, तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यांचे काय केले, हे विचारा. सगळे छताकडे बघू लागतात. कारण त्याला तमिळ ऐकावे लागते.

आदानप्रदान म्हणजे आम्ही काय दिले याची यादी, अशी यांची समजूत. घेतलेले सांगायची वेळ आली की घसा बसतो. विष्णुदास भाव्यांच्या 1843 च्या सांगलीतल्या नाटकामागे कानडी भागवत मंडळींचे खेळ होते, हे शाळेपासून सगळ्यांना ठाऊक. पण म्हणून यक्षगान नीट समजावे इतके कानडी शिकलेला नाट्यशास्त्राचा प्राध्यापक मला दाखवा.

आणि मोडीचे रुमाल? तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांची तमिळ भाषांतरे तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने छापली. म्हणजे आपल्याच पूर्वजांचे दप्तर वाचायला आमच्या विद्यार्थ्याला मोडी तरी हवी किंवा तमिळ तरी. त्याच्याकडे आहे काय, तर पॉवरपॉइंट. वर्षाकाठी एक सामंजस्य करार होतो, शाल-श्रीफळ होते, पाहुण्यांपुढे लेझीम होते, त्यांच्याकडून भरतनाट्यम होते, आणि नॅकच्या फाइलीत फोटो लागतो.

माझे मागणे साधे आहे. पहिल्या सेमिस्टरला समोरच्या प्रदेशाची एक भाषा आणि एक जुनी लिपी सक्तीची करा. त्यात जो नापास, त्याला थिअरीचा पेपर देऊ नका. हे मी अभ्यास मंडळाच्या बैठकीत म्हटले तेव्हा चहा आला, आणि चहाबरोबर उत्तर आले: ‘‘कल्पना चांगली आहे सर, पण तमिळ शिकवायला माणूस आणायचा कुठून?’’ ही बैठक मुंबईत चालली होती. माटुंग्यात पिढ्यान्‌पिढ्या तमिळ कुटुंबे राहतात, धारावीत महापालिकेच्या तमिळ माध्यमाच्या शाळा आहेत. हे मी सांगितले, तर अध्यक्षांनी विचारले, त्या शिक्षकांकडे नेट-सेट आहे का.