रात्रपाळीची झोप

पेण-रोह्यातल्या कितीतरी घरांतले कुणी ना कुणी आखातात आहे. तिथून येणारी बरीच विमाने रात्री निघून पहाटे उतरतात. आपण डोळे मिटतो. वैमानिकाला जागे राहावे लागते.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरला सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण दगावले. कॅप्टनना उड्डाणाआधी पुरेशी विश्रांती मिळाली होती, तरी ते वाटेत दीड तासाहून अधिक झोपले होते, असे चौकशीत आढळले. गाढ झोपेतून उठल्यावर डोके लगेच ताळ्यावर येत नाही. चुकलेल्या निर्णयामागे हीच गुंगी असू शकते, असे अहवालात म्हटले आहे.

पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सर्वांत मंद वेळ. म्हणून वैमानिकांच्या रात्रीच्या कामाला मर्यादा आहेत. जुलै २०२५ पासून त्यांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली.

धाटाव-नागोठण्याच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांचे शरीरही तसेच आहे. त्यांची झोप घरच्यांनीच राखायची. सकाळी सातला पाळी सुटली, की हलकी न्याहारी करून साडेआठला झोपावे आणि जोहरला उठावे. इशाच्या आधी झोपणे आपल्याकडे पसंत करत नाहीत. तेव्हा उरलेली झोप जेवणानंतर, असरच्या आधी दीड-दोन तास घ्यावी. कैलुल्याची सवय इथे कामी येते. खोलीला जाड पडदा लावा. फोन आणि मिक्सर बंद ठेवा. सकाळी पाहुणे आले तर “झोपलेत” असे सांगायला संकोच करू नका. चहा पाळीच्या पूर्वार्धातच प्यावा. मधल्या सुट्टीत डुलकी घ्यायची तर वीस मिनिटांचीच. जास्त झोपले की गुंगी येते.

रमजानमध्ये सकाळची झोप मोडून खरेदीची कामे सांगू नका.

सलग सतरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखाच मंदावतो. म्हणून पाळी करून आलेल्या मुलाला आखातातल्या पाहुण्यांना आणायला विमानतळावर गाडी घेऊन पाठवू नका. दुसरा चालक पाहा. तो मिळाला नाही, तर पाहुण्यांना दोन तास थांबायला सांगा. घरी सगळे सुखरूप पोहोचणे महत्त्वाचे.