तबकडीचे युद्ध आणि पराभूतांचा हिशेब

१९ फेब्रुवारी २००८ रोजी जपानच्या तोशिबा कंपनीने ‘एचडी डीव्हीडी’ ही तबकडी वाजविणाऱ्या यंत्रांचा व्यवसाय बंद करीत असल्याचे जाहीर केले. सोनी आणि तिच्या गोतावळ्यातील कंपन्यांनी पुढे केलेली ‘ब्ल्यू-रे’ तबकडी विजयी ठरली. जगातील अर्थविषयक वृत्तपत्रांनी या घटनेचे वर्णन रणवृत्ताच्या थाटात केले. कोणत्या सेनापतीचा कोठे अंदाज चुकला, ऐन वेळी कोणता मित्र शत्रूला जाऊन मिळाला, याची चर्चा महिनाभर चालली. त्या चर्चेत एक वर्ग मात्र जवळजवळ अनुपस्थित होता. पदरचे पैसे मोजून ज्यांनी पराभूत कंपनीचे यंत्र घरी नेले होते, त्यांचे काय झाले हे विचारावे असे फारसे कोणाला वाटले नाही.

हा विषय पक्षाच्या साप्ताहिकात कशासाठी, असे एखादा कार्यकर्ता विचारील, आणि त्याचा प्रश्न अगदीच गैर म्हणता येणार नाही. तोशिबाचे पहिले यंत्र २००६ च्या वसंतात अमेरिकेत ४९९ डॉलरांना विक्रीस आले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सॅमसंगने ब्ल्यू-रेचे पहिले यंत्र सुमारे हजार डॉलरांना आणले. डॉलरचा दर त्या वेळी ४५ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एक यंत्र साडेबावीस हजारांचे आणि दुसरे पंचेचाळीस हजारांचे. योगायोग असा की त्याच २००६ सालच्या २ फेब्रुवारीस राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजना देशातील निवडक मागास जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या पहिल्या यादीत भंडारा जिल्हा होता. केंद्राने ठरवावयाची मजुरी दिवसाला साठ रुपयांहून कमी असू नये, अशी त्या कायद्यात तरतूद होती. या किमान दराने हिशेब मांडला तर लाखांदूर तालुक्यातील मजूर कुटुंबाला ब्ल्यू-रे यंत्रासाठी साडेसातशे दिवस राबावे लागले असते. आणि हमी तर वर्षाला शंभर दिवसांचीच. साडेसात वर्षांची संपूर्ण मजुरी एका यंत्रापायी गेली असती, आणि एवढ्या अवधीत ते यंत्र जुनाट होऊन पडले असते.

तेव्हा हे युद्ध लाखांदूरच्या माणसाचे नव्हते, हे मान्य. परंतु त्या युद्धात ज्या नियमाने हार-जीत ठरली, तो नियम धानाच्या खोऱ्यातील माणसाच्या जिण्याला अनेक वाटांनी येऊन भिडतो. म्हणून तो समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन्ही तबकड्यांत मुळात फरक किती होता? दोन्हींचा आकार जुन्या डीव्हीडीएवढाच, बारा सेंटिमीटरांचा. दोन्ही वाचणारा किरण एकाच निळ्या-जांभळ्या जातीचा. चित्र आवळून साठविण्याच्या पद्धतीही दोघींना त्याच तीन मान्य होत्या. ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट माहिती मावे, एचडी डीव्हीडीच्या थरात १५. उलट एचडी डीव्हीडीचा माहितीचा थर जुन्या डीव्हीडीप्रमाणेच पृष्ठभागाखाली ०.६ मिलिमीटरांवर असल्याने ती जुन्याच कारखान्यांत थोड्या फेरफाराने काढता येत असे. ब्ल्यू-रेचा थर ०.१ मिलिमीटरावर आल्याने तिच्यासाठी नवी यंत्रसामग्री उभारावी लागे. पडद्यासमोर बसलेल्या सामान्य प्रेक्षकाला दोहोंतील चित्राचा भेद ओळखता आला असता, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही.

मग एवढी झुंज कशासाठी? ती पुढील वीस वर्षांच्या स्वामित्वधनासाठी होती. ज्याचा साचा सर्वमान्य होईल, त्याला जगात निघणाऱ्या प्रत्येक यंत्रावर आणि प्रत्येक तबकडीवर जकात वसूल करता येते. डीव्हीडीच्या काळात चिनी कारखानदारांनी ही जकात भरून भरून हात टेकले होते. म्हणूनच चीनने २००३ साली ‘ईव्हीडी’ नावाचा आपला साचा काढून पाहिला, आणि तोशिबाच्या पराभवानंतर तिच्याच तंत्राच्या आधारे आणखी एक साचा बाजारात आणला. दोहोंना यश आले नाही. चित्रपटांचा साठा ज्यांच्या ताब्यात होता ते हॉलिवूडचे मूठभर निर्माते ज्या बाजूला झुकतील तीच बाजू जिंकणार, हे आरंभापासून उघड होते. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट कंपनी तोशिबाकडे गेली तेव्हा त्यासाठी कोट्यवधी डॉलर मोजले गेल्याच्या वार्ता प्रसिद्ध झाल्या. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर कंपनीने ब्ल्यू-रेची बाजू घेतली आणि सहा-सात आठवड्यांत खेळ आटोपला. ग्राहकाने दुकानात जाऊन कौल देण्यापूर्वीच निकाल लागला होता. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विजयी तबकडीत जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत. चीन आणि रशिया यांच्यासह भारत तिसऱ्या विभागात येतो. एका विभागासाठी काढलेली तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्राने नाकारावी, अशी त्यात सोय आहे. पराभूत तबकडीत अशी वाटणी नव्हती. ‘जो अधिक चांगला तो जिंकतो’ असे सांगणाऱ्यांनी या तपशिलाचे काय करावयाचे ते ठरवावे.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील स्पर्धा वेगळी असते. तेथे एकाच प्रकारच्या मालाचे अनेक विक्रेते असतात आणि ग्राहक एकाला सोडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. साच्यांची स्पर्धा या वर्णनात बसत नाही. तेथे वस्तूची उपयुक्तता तिच्या गुणांपेक्षा ती आणखी किती जण वापरतात यावर अवलंबून राहते. पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली टंकलेखन यंत्राच्या अक्षरपट्टीच्या इतिहासावरून आणि ब्रायन आर्थर यांनी १९८९ साली गणिती पद्धतीने हेच दाखविले, की आरंभीच्या किरकोळ योगायोगानेही एखादा साचा पुढे सरकतो आणि मग त्याला हटविणे दुष्कर होते. या प्रतिपादनावर आक्षेप घेणारे अर्थशास्त्रज्ञही आहेत आणि अक्षरपट्टीच्या उदाहरणाबाबत त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. परंतु चूक पदरात पडली तर तिचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाला त्यांच्याजवळही उत्तर नाही.

लाखांदूरकरांना या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास अमेरिकेत जावयास नको. त्यांचे जवळचे रेल्वेस्थानक वडसा. गोंदिया-नागभीड हा लोहमार्ग इंग्रजांच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, अडीच फुटी रुळांवर घातला गेला, आणि हावडा-मुंबई हा मुख्य मार्ग साडेपाच फुटी. त्या काळी दोन्ही रूळ आपापल्या हिशेबाने योग्यच होते. अरुंद रूळ स्वस्तात पडत. पण दोन साचे जेथे एकमेकांस भेटत, त्या गोंदियाला धान, लाकूड, तेंदूपाने एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावी लागत. त्या चढउताराचा खर्च रेल्वे कंपनीच्या भागधारकाने सोसला नाही. तो धानाच्या भावातून वजा झाला आणि हमालाच्या पाठीवर चढला. हा मार्ग रुंद व्हावयास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले. नागपूर-नागभीडची अरुंद गाडी तर २०१९ पर्यंत धावत होती. एकदा चुकीचा साचा गळ्यात पडला की तो उतरविण्यास तीन-तीन पिढ्या लागतात.

याच्या उलट उदाहरणही घरचेच आहे. खंडी, कुडो, पायली, शेर ही मापे गावागणिक बदलत, आणि व्यापाऱ्याचे घेण्याचे माप व देण्याचे माप वेगळे असते ही तक्रार तर जुनीच. हा गोंधळ बाजाराने आपण होऊन मिटविला नाही. १९५६ साली संसदेने वजनमापांचा कायदा केला आणि पुढील काही वर्षांत किलोग्राम व लिटर खेड्यापाड्यांत पोहोचले. किलोग्रामवर कोणाचेही स्वामित्वधन नाही. कोणाही दुकानदाराने तागडी घ्यावी आणि धंदा मांडावा. येथे स्पर्धा संपली नाही, उलट खरी स्पर्धा येथूनच सुरू झाली. कारण आता दोन दुकानांतील भाव ताडून पाहता येऊ लागला.

तबकडीच्या बाबतीतही एकदा असे घडले. १९९३ साली ठरविला गेलेला व्हिडिओ सीडीचा साचा युरोप-अमेरिकेत फारसा रुजला नाही. चित्र सामान्य, आणि एका तबकडीत जेमतेम सव्वा तास मावणार. म्हणजे एक हिंदी चित्रपट पाहावयास दोन-तीन तबकड्या बदलाव्या लागत. पण साचा सर्वांचा होता, यंत्र स्वस्त होते आणि आशियातील गरीब प्रेक्षकाला तेवढे पुरत होते. २००७ साली मोझर बेअर या भारतीय कंपनीने चित्रपटाची व्हिडिओ सीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास काढली, तेव्हा शंभराच्या पुढे किंमत लावून बसलेल्यांची तारांबळ उडाली. समाजवाद्यांनी हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे: साचा सर्वांचा असला तर खाजगी स्पर्धेनेही किंमत उतरते. तिकडे टोकियोत आणि कॅलिफोर्नियात उच्च दर्जाच्या तबकडीचे महायुद्ध चालले होते, त्याच वर्षी भारतातील ग्राहकाला खरा लाभ या दुय्यम मानलेल्या तबकडीने दिला.

त्या कंपनीची अखेर मात्र सांगितल्यावाचून हे उदाहरण पुरे होत नाही. तबकड्यांचा जमाना सरला, कर्ज वाढले आणि २०१८ साली न्यायाधिकरणाने तिचे विसर्जन करण्याचा आदेश दिला. कामगारांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी संघटनेमार्फत झगडावे लागले. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि उपदान यांची रक्कम धनकोंत वाटावयाच्या मालमत्तेत धरता येणार नाही, एवढे त्यांनी २०१९ साली अपील न्यायाधिकरणाकडून मिळविले. थकित वेतनाला अग्रक्रम मिळावा म्हणून केलेली लढाई सर्वोच्च न्यायालयात २०२३ साली ते हरले. साच्यांच्या युद्धातील पराभूतांची यादी करताना ग्राहकाखालोखाल या कामगारांची नोंद घेतली पाहिजे.

आणि विजेत्यांचे तरी काय झाले? व्हीएचएस फितीने बेटामॅक्सला हरविले ही कथा सर्वश्रुत आहे. पण बेटामॅक्सच्या फिती सोनीने मार्च २०१६ मध्ये बंद केल्या आणि व्हीएचएसची यंत्रे काढणारा शेवटचा जपानी कारखाना त्याच वर्षीच्या जुलैत थांबला. जेता आणि जित एकाच वर्षी निवर्तले. कोरी ब्ल्यू-रे तबकडी काढणेही सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. आता चित्रपट तारेतून आणि हवेतून भ्रमणध्वनीवर येतो. ग्राहकाच्या हाती तबकडीसुद्धा उरलेली नाही. वर्गणी भरावी तोवर पाहावे. एक चित्रपट एका कंपनीकडे, दुसरा दुसरीकडे, तेव्हा दोन्हींकडे वर्गणी भरा. ही स्पर्धाही कोठे जाते हे दिसू लागले आहे. रिलायन्स आणि डिस्ने या प्रतिस्पर्ध्यांचे भारतातील व्यवसाय २०२४ च्या नोव्हेंबरात एकत्र आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या दोन वाहिन्यांची मिळून एक झाली.

लाखांदूरच्या दृष्टीने यातील सर्वांत गंभीर भाग चित्रपटांचा नाहीच. हा मुलूख झाडीपट्टीचा. धान निघाले, दिवाळीनंतरच्या मंडया सुरू झाल्या की होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात. वडसा हे नाटक मंडळ्यांचे माहेर. रात्रभर चालणाऱ्या या नाटकाला हॉलिवूडची परवानगी लागत नाही आणि विभागही पाडता येत नाहीत. या परंपरेतील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट. परंतु दंडार, खडी गंमत, जुन्या नटांचे आवाज, लग्नातील झाडीबोलीची गाणी यांपैकी हौशी लोकांनी गेल्या चाळीस वर्षांत जे काही चित्रित करून ठेवले असेल, ते व्हीएचएस फितीवर नाही तर सीडीवर. फितीला बुरशी लागते, तबकडीचा वर्ख उडतो आणि वाजविणारे यंत्र दुरुस्त करावयास सुटा भाग मिळत नाही. कोण्या कंपनीने कोठे तरी एक साचा सोडून दिला आणि येथे एका बोलीची स्मृती कपाटात बंद झाली. हॉलिवूडचे चित्रपट नव्या साच्यात पुन्हा निघतील, कारण त्यात नफा आहे. खडी गंमत पुन्हा कोण काढणार?

राममनोहर लोहियांनी १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात छोट्या यंत्राची कल्पना मांडली. दोनच वर्षांनी अशोक मेहतांना लोकसभेवर पाठविले ते भंडाऱ्याच्या मतदारांनी. भारी उद्योग की छोटे यंत्र यावर पक्षात पुष्कळ वाद झाले. यंत्राचा साचा कोणाच्या मालकीचा असावा हा प्रश्न त्या वादांत दुय्यमच राहिला. आज तो प्रथम घ्यावयास हवा. केंद्र सरकारने २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले, त्यात स्वामित्वधनमुक्त मानकांना स्थान दिले आहे. युरोपीय संघाने तर कायदा करून डिसेंबर २०२४ पासून भ्रमणध्वनीच्या विद्युतभारणीचे टोक एकच ठरविले. कंपन्यांनी कुरकुर केली, पण ऐकले. मग सार्वजनिक पैशातून होणारे प्रत्येक चित्रण आणि ध्वनिमुद्रण खुल्या साच्यातच ठेवले पाहिजे, अशी मागणी करण्यात अतिरेक कसला? यंत्र बंद केल्यावरही ठराविक वर्षे सुटे भाग पुरविण्याची सक्ती कंपनीवर का नसावी?

आणि काही कामे सरकारची वाट न पाहता होण्यासारखी आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या ग्रंथालयात चालू स्थितीतील एक व्हीसीआर, एक सीडी वाचणारे यंत्र आणि त्यांना जोडलेला एक संगणक ठेवला, तर फितीवरचे खुल्या साच्यात उतरविता येईल. जुने यंत्र भंगारवाल्याकडे अजून सापडते. दहा वर्षांनी सापडेल याचा भरवसा नाही. लाखांदूर, पवनी, साकोली या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी कोणाच्या घरी कोणती फीत आहे याची नोंदवही तेवढी तयार करावी. धानाची कापणी-मळणी आटोपून मंडया सुरू झाल्या की नाटकांच्या निमित्ताने गावोगाव जाणे होतेच.