‘त्या काळी’ म्हणजे कुणाचा काळ?



‘चूक म्हणजे समाजाला न पटणारे, म्हणून बालविवाह त्या काळी योग्यच’ हे आपल्या लेखकाचे म्हणणे मान्य नाही. तसे असते, तर समाज विरोधात असताना बालविवाहाला अन्याय म्हणणाऱ्या, स्वतः बालपणीच लग्न झालेल्या रखमाबाईंचे बोलणे निरर्थक ठरले असते.

‘तेव्हा कुणालाच गैर वाटत नव्हते’ हे तर धडधडीत चूक. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त टोपणनावाने बालविवाहाविरुद्ध लिहिले. १८८७ मध्ये पतीकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा न्यायालयाचा निकाल लागला, तेव्हा त्यांनी कैदेची तयारी दाखवली. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या त्या मुलीला ‘त्या काळा’तून वगळायचे कुणी ठरवले?

– एक वाचक, सातारा