बांध आणि उघाडी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर आज जेथे नवी मुंबईच्या उंच इमारती उभ्या आहेत, तेथे काही दशकांपूर्वी भातशेते, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि या भूमीचे रूप पालटू लागले. त्यापूर्वीच्या अनेक पिढ्यांनी मात्र येथील शेती जणू समुद्राच्या तोंडातून ओढून काढली होती. भरतीचे खारे पाणी शेतात शिरले, तर भाताचे पीक जळून जाते आणि जमीन पुढील काही वर्षे नापीक होऊन बसते. म्हणून खाडीच्या काठाने शेतकरी बांध घालीत. परंतु नुसता बांध घालून भागत नसे. पावसाळ्यात पडलेले गोडे पाणी बांधाआड तुंबून राही आणि त्या तुंबलेल्या पाण्याने तेच पीक कुजून जाई. यासाठी बांधाला ठिकठिकाणी झडपांची दारे ठेवीत. त्यांना उघाडी म्हणत. भरती चढली, की पाण्याच्या दाबाने झडप मिटे; ओहोटी लागली, की ती उघडे आणि आतील पाणी खाडीकडे वाहून जाई. बांधही हवा आणि उघाडीही हवी, हे शहाणपण त्या शेतकऱ्यांना कोणत्याही ग्रंथावाचून अवगत होते.

आज त्याच भूमीवर एका निराळ्या भरतीचे पाणी खेळत आहे. ऐरोली, रबाळे, महापे या भागांत डेटा सेंटर नावाच्या मोठमोठ्या वास्तू उभ्या राहिल्या आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास त्या एखाद्या गोदामासारख्या वाटतात. परंतु आत अहोरात्र चालणाऱ्या संगणकांत असंख्य माणसांची पत्रे, चित्रे, गाणी आणि गप्पा साठविलेल्या असतात. 15 ऑगस्ट 1995 रोजी मुंबईसह देशातील काही शहरांत इंटरनेट सर्वसामान्य लोकांना खुले झाले. तेव्हापासून शब्दांचा हा ओघ सारखा वाढतच गेला आहे. या ओघाला बांध असावा काय, असल्यास किती उंच असावा, आणि त्याला उघाडी कोठे ठेवावी, हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा नाही. ज्याच्या हाती मोबाइल आहे, अशा प्रत्येकाचा तो प्रश्न आहे. आणि आज शाळकरी मुलांच्या हातीही तो असतो.

या नव्या साधनाने केलेले उपकार प्रथम मान्य केले पाहिजेत. पूर्वी एखाद्याने कविता लिहिली, तर ती मासिकाच्या संपादकाकडे पाठवून महिनोन्महिने वाट पाहावी लागे. संपादकाला ती आवडली, तरच ती चार लोकांच्या दृष्टीस पडे. आज तुर्भ्याच्या एखाद्या लहानशा खोलीत राहणारी मुलगी आपण काढलेले चित्र क्षणार्धात जगापुढे ठेवू शकते. कोळीवाड्यातील एखादा मुलगा आजीकडून ऐकलेली गाणी ध्वनिमुद्रित करून दूरदेशीच्या लोकांना ऐकवू शकतो. परदेशी गेलेल्या मराठी माणसांना एकमेकांशी आपल्या भाषेत बोलता यावे, यासाठी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ 1996 सालीच सुरू झाले. 1 मे 2003 रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. कोणाच्या परवानगीची वाट न पाहता सामान्य माणसाने लिहावे, रचावे आणि समानधर्मी माणसांशी जोडले जावे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

तथापि गोड्या पाण्याबरोबर खारे पाणीही येतेच. 1 जुलै 2018 हा दिवस महाराष्ट्राने विसरता कामा नये. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी खोटी अफवा त्या सुमारास व्हॉट्सॲपवरून गावोगाव पसरली होती. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी त्या दिवशी पाच जण आले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. जमावाने त्यांनाच मुले पळविणारे समजून ठार मारले. त्या पाच निरपराध जिवांना शस्त्राने मारण्यापूर्वी शब्दाने मारले होते. अफवा पुढे धाडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो गाव कधी पाहिलाही नसेल. त्यांनी केवळ एक बोट हलविले होते. अशा घटनांनंतर व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता यावा, अशी मर्यादा घातली. हा बांधच होय, आणि तो कोणीही अयोग्य म्हणणार नाही.

मग प्रत्येक अप्रिय शब्दावरच बांध घालावा काय? येथे इतिहासाकडे वळून पाहणे उचित ठरेल. सतराव्या शतकात देहूच्या तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, अशी परंपरा सांगते. धर्माचा अर्थ लोकभाषेत सांगण्याचा अधिकार तुम्हांला नाही, असा त्या काळच्या अधिकारी म्हणविणाऱ्यांचा आक्षेप होता. तेरा दिवसांनी त्या वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. चमत्कार मानो वा न मानो, एवढे खरे, की अभंग लोकांच्या ओठी राहिले. पुढे 1878 साली इंग्रज सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी एक कडक कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. म्हणजे जी टीका इंग्रजीत चालत असे, तीच मराठीत केली, तर सरकारच्या नजरेत अपराध होई. लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत तो कायदा रद्द झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक 1907 साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील होती; परंतु प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि द्रौपदीत परतंत्र भारतमाता पाहिली. 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. कीचकाला रंगमंचावर येऊ दिले नाही, म्हणून पारतंत्र्याची चीड लोकांच्या मनातून गेली नाही. तुंबलेल्या पाण्याप्रमाणे ती आत वाढतच राहिली.

स्वतंत्र भारताने या अनुभवावरून धडा घेतला. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य दिले. त्याच अनुच्छेदात देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, अपराधास चिथावणी अशा मोजक्या कारणांसाठी निर्बंध घालण्याची मुभाही आहे. 1951 साली झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने या निर्बंधांपूर्वी ‘वाजवी’ हा शब्द घातला. तो शब्द लहान असला, तरी साऱ्या बांधाचे माप त्यात आहे.

हे माप चुकले म्हणजे काय होते, याचे उदाहरण नोव्हेंबर 2012 मध्ये पालघर येथे दिसून आले. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतील व्यवहार बंद राहिले होते. हा बंद कशासाठी, असा प्रश्न पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर विचारला. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला ‘लाइक’ केले, म्हणजे तो आपल्याला पटला एवढेच दर्शविले. दोघींनाही पोलिसांनी अटक केली. जमावाने त्यांतील एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. लोकांचे दुःख खरे होते, यात शंका नाही. परंतु प्रश्न विचारणे हा गुन्हा कसा ठरावा? पुढे तो खटला बंद करण्यात आला आणि संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली.

त्या दोघींविरुद्ध जी कलमे लावण्यात आली, त्यांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ हे एक होते. संगणकावरून वा मोबाइलवरून पाठविलेला मजकूर कोणास त्रासदायक किंवा घोर अपमानकारक वाटला, तर पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास देता येईल, अशी त्यात तरतूद होती. पण त्रास म्हणजे काय? एकाला जो विनोद वाटतो, तो दुसऱ्याला टोचतो. शब्दांचा अर्थ असा सैल असला, म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जळते. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने 2012 सालीच या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. एखाद्या विषयाची चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि अपराधास चिथावणी देणे, या तीन गोष्टी भिन्न आहेत. चर्चा व पुरस्कार कितीही अप्रिय असले, तरी केवळ त्यासाठी कोणाचे तोंड बंद करता येत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होय.

कायद्याचे एक कलम गेले, तरी मनाची सवय तेवढ्या लवकर जात नाही. 14 मे 2022 रोजी, लोखंड बाजारामुळे प्रसिद्ध असलेल्या नवी मुंबईतील कळंबोली येथून अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी अटक केली. ज्येष्ठ नेते शरद पवार यांच्यावर टीका करणारे, दुसऱ्या कोणी रचलेले काव्य त्यांनी फेसबुकवर प्रसृत केले होते. त्या काव्याची भाषा अनेकांना असभ्य वाटली, आणि त्याविषयी तक्रार करण्याचा मार्ग कोणासही मोकळाच होता. परंतु पोलीस ठाण्याबाहेर जमलेल्यांपैकी काहींनी त्यांच्यावर शाई फेकली, आणि जामिनावर सुटण्यापूर्वी त्यांना महिन्याहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला. असभ्य शब्दाचे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि, ज्या शाईने उत्तर लिहिता येते, ती अंगावर फेकणे हे उत्तर नव्हे. आणि शब्दाबद्दलचा खटला निकालापर्यंत पोहोचण्यापूर्वीच माणसाने इतके दिवस गजाआड राहणे हेही माप चुकल्याचेच लक्षण होय.

येथे कोणी म्हणेल, की राईनपाड्याची अफवाही शब्दच होती. मग तिला अडविणे योग्य आणि याला अडविणे अयोग्य, हे कसे? भेद स्पष्ट आहे. अफवेमुळे जिवंत माणसांवर जमाव चालून गेला. तेथे विचार करण्यास व उत्तर देण्यास अवसरच उरला नव्हता. टीकेमुळे मात्र फार तर कोणाचे मन दुखावते, आणि दुखावलेल्याला उत्तर देण्यास अवसर असतो. बदनामी झाली असेल, तर न्यायालयाचे दारही असते. पहिले पाणी खारे आहे; त्याला बांध हवा. दुसरे पाणी आकाशातून पडलेले आहे; ते कधी गढूळ असले, तरी त्याला उघाडी हवी.

चांगला बांध कोणता, हेही यावरून ठरविता येते. तो कोठे आहे हे सर्वांना दिसले पाहिजे. म्हणजे काय लिहू नये, हे कायद्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितलेले असावे. तो का घातला, याचे कारण ज्याला अडविले त्याला कळावे, आणि त्या कारणाविरुद्ध दाद मागता यावी. इंटरनेटवरील मजकूर रोखण्याचा अधिकार शासनाला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ ने दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली हे कलम कायम ठेवले. कारण त्यात कारणे लिहून ठेवण्याचे बंधन आहे. परंतु संबंधित नियमांनुसार अशा आदेशांबाबत गोपनीयता पाळली जाते. देशाच्या संरक्षणाच्या काही बाबी गुप्त ठेवाव्या लागतील, हे मान्य; परंतु एखाद्याचे व्यंगचित्र वा कविता काढून टाकली, तर ती का काढली, हे त्याला सांगण्यात कोणते संकट आहे? कारण न सांगता घातलेला बांध लोकांच्या मनात कारणांपेक्षा संशयच अधिक वाढवितो. हाच न्याय समाजमाध्यमे चालविणाऱ्या कंपन्यांनाही लावला पाहिजे. तेथे पुष्कळदा संगणकच मजकुराची निवड करतो आणि त्याच्या हातून चुकाही होतात.

तथापि सर्वांत भक्कम बांध सरकारही घालू शकत नाही आणि कंपनीही नाही. तो लिहिणाऱ्याच्या मनात असतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, अशी मराठीत म्हण आहे. आता जिभेची जागा बोटाने घेतली आहे, एवढाच फरक. संदेश पुढे धाडण्यापूर्वी हे खरे आहे काय, यामुळे कोणा निरपराधास इजा होईल काय, आणि हेच शब्द त्या माणसासमोर उभे राहून उच्चारता येतील काय, एवढे तीन प्रश्न ज्याने स्वतःला विचारले, त्याच्या लेखणीवर पहारा ठेवण्याची गरज उरत नाही. वर्गातील एखाद्या मुलाच्या बोलण्यातील अडखळण्याची नक्कल करून ती सर्वांना पाठविणारा विद्यार्थी स्वातंत्र्याचा उपभोग घेत नसतो; दुबळ्याला छळत असतो. उलट, शाळेच्या पाण्याची टाकी अस्वच्छ आहे, असे सौम्य परंतु स्पष्ट शब्दांत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प बसविणारा वडीलधारा शिस्त राखीत नसतो. तो उघाडी बुजवीत असतो.

खाडीकाठच्या बांधाला खेकडे बिळे पाडीत, आणि शेतकऱ्याला पावसाळ्यापूर्वी ती बिळे शोधून बुजवावी लागत. त्याच फेरीत तो उघाडीची झडप हलते की नाही, हेही पाहून घेई. बिळांकडे दुर्लक्ष केले, तर भरतीने बांध फुटे. झडप गंजली, तर पहिल्याच मोठ्या पावसात शेत बुडे. शब्दांच्या शेताची राखणही अशीच दोन्हींकडे लक्ष ठेवून करावी लागते. आज शाळेत शिकणारी मुले उद्या लेखक, न्यायाधीश, पोलीस अधिकारी आणि मतदार होतील. तेव्हा हा बांधही त्यांच्या हाती येईल आणि ही उघाडीही.