बळापेक्षा धीर श्रेष्ठ

जुन्या स्कूटरचा कार्बुरेटर उघडताना पितळेचा जेट आट्यांत घट्ट रुतलेला आढळला, की पहिला मोह होतो तो बळाचा. आमच्या मते कारागिराची खरी कसोटी तेथेच लागते.

जेट मऊ पितळेचा, स्क्रूड्रायव्हर पोलादाचा. अरुंद पात्याने जोर केल्यास खाच झिजते आणि पकडावयास काहीच उरत नाही. म्हणून पाते खाचेत नेमके बसणारे असावे. पेट्रोल संपूर्ण काढून, तरंगी व रबरी भाग बाजूस ठेवून, गंज सोडविणारे तेल घालावे व एक रात्र थांबावे. तरीही न निघाल्यास धड कढत पाण्यात ठेवावे. ॲल्युमिनियमचे धड पितळेपेक्षा अधिक प्रसरण पावते व आट्यांची पकड सैल होते. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे वाक्य पाठ असणाऱ्या किती विद्यार्थ्यांना त्याचा हा उपयोग ठाऊक असतो?

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींत कार्बुरेटरची जागा बहुतांशी इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. जुने सुटे भाग त्यामुळे दुर्मिळ होत चालले आहेत. जेट नवा मिळेल. आटे बिघडलेले धड मिळेलच असे नाही. अखेरच्या प्रसंगी जेटच जपून कोरून काढावा, धड राखावे. काय गमवावे व काय राखावे हे जाणणे, हाच विवेक.

विद्यार्थिमित्रहो, हा विवेक केवळ पुस्तकातून येत नाही. म्हणून प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत एक जुना कार्बुरेटर असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.