सरकती शिडी घेताना

वैशाख पौर्णिमा जवळ आली की पताका लावायला वस्तीत शिडीची शोधाशोध होते. एरवीही पत्रे शाकारायला, टाकी धुवायला ती लागतेच. अ‍ॅल्युमिनियमची सरकती शिडी हलकी असते, गंजत नाही. मात्र दुकानदार सांगेल त्या फुटांवर जाऊ नका. १२-१२ फुटांचे दोन भाग म्हणजे २४ फूट नव्हे! दोन्ही भाग किमान ३ फूट एकमेकांवर राहायलाच हवेत, म्हणजे हाती आले २१. पत्र्यावर उतरायचे तर त्यातलेही ३ फूट कडेच्या वर हवेत.

शिडी दुकानातच पूर्ण उघडून खटके दोन्ही बाजूंनी बसतात का, खाली रबरी पाय आहेत का, ते पाहा. वजनाची मर्यादा बघताना अंगावरच्या सामानाचेही वजन धरा. चार घरांनी मिळून घेतली तर परवडते.

आणखी एक. अ‍ॅल्युमिनियममधून वीज वाहते आणि आपल्या गल्ल्यांत तारा डोक्यावरच असतात. तारांजवळ ही शिडी नकोच. तिथले काम वायरमनकडे, तेही वीज बंद करून. पोरे उत्साहात उभी शिडी तशीच पुढच्या खांबापर्यंत ओढत नेतात. ती मिटवून, आडवी करूनच न्यायला सांगा.